लेखाविद्या आणि व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण

नवी दिल्लीच्या कनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. आज या मार्गावर आणि त्याच्या आजूबाजूला कार्यालये, ग्रंथालये, सांस्कृतिक संस्था आणि राज्यांची अतिथिगृहे आहेत. महाराष्ट्र सदनाची २०१३ साली उघडलेली नवी वास्तू याच मार्गावर आहे. कन्हैयालाल मुनशी यांनी १९३८ साली मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय विद्या भवनाचे दिल्ली केंद्रही येथेच असून, व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था ते चालविते. थोड्या अंतरावर हिंदुस्थान टाइम्स हाउस ही इमारत आहे. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबांवर आणि ते तपासणाऱ्या लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवण्यासाठी २०१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने आपले कार्यालय थाटले ते याच इमारतीत.

अशा रीतीने एकाच मार्गावर लेखाविद्येच्या दोन बाजू शेजारी नांदताना दिसतात. एके ठिकाणी व्यवस्थापनाचे विद्यार्थी ताळेबंद वाचावयास शिकतात. दुसऱ्या ठिकाणी तयार झालेले ताळेबंद विश्वसनीय आहेत की नाहीत याची छाननी होते. या दोहोंमधील संबंध समजला म्हणजे लेखाविद्या हा विशेष विषय घेऊन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मिळविणे याचा खरा अर्थ ध्यानात येतो. हिशेब लिहिण्यासाठी दोन वर्षांच्या उच्च शिक्षणाची गरज ती काय, हा प्रश्न अनेक पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही मनात येतो. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या अभ्यासक्रमाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

नोंद आणि लेखा

मराठी माणसाला हिशेबाची परिभाषा नवी नाही. कीर्द, खतावणी, तेरीज, जमा, नावे, बाकी हे शब्द पेढीवर आणि दप्तरात शतकानुशतके रुळलेले आहेत. दिवसभरात झालेले व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिणे म्हणजे कीर्द; तेच व्यवहार खात्याखात्यांत वाटून लिहिणे म्हणजे खतावणी; आणि अनेक खात्यांचा गोषवारा एकत्र करणे म्हणजे तेरीज. शिवकालीन राज्यव्यवस्थेत हिशेबाची जबाबदारी मुजुमदाराकडे, म्हणजे अमात्याकडे असे. पेशवाईत फडणिसांचे दप्तर हे राज्यकारभाराचे केंद्रच बनले. पुण्यातील पेशवे दप्तर आज इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते, याचे एक कारण हेच की त्या काळच्या कारकुनांनी खर्चाची बारीकसारीक नोंद ठेवली.

परंतु केवळ नोंद ठेवणे म्हणजे लेखाविद्या नव्हे. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवरील व्यवस्थेकडे पाहिले तर हा भेद चटकन कळतो. किल्ल्याचा हवालदार, जमाखर्च आणि हजेरी पाहणारा सबनीस आणि कोठाराची देखभाल करणारा कारखानीस असे निरनिराळे अधिकारी नेमले जात. किल्ला, कागद आणि कोठार ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती जाऊ नयेत, हा या विभागणीचा परिणाम होता. ज्याच्या ताब्यात माल आहे त्याने त्याची नोंद ठेवू नये आणि ज्याने नोंद ठेवावयाची त्याच्या ताब्यात माल असू नये, हे तत्त्व आजच्या लेखापरीक्षणाच्या पाठ्यपुस्तकात अंतर्गत नियंत्रण या नावाने शिकविले जाते. किल्ल्यावरील दाणागोटा मोजण्याचे काम कोणीही हिशेबी कारकून करू शकत असे. पण ते काम कोणाकोणात आणि कसे वाटावे हे ठरविणे हा राज्यकर्त्याचा विचार होता. पहिले काम नोंदीचे, तर दुसरे व्यवस्थापनाचे आहे. लेखाविद्येचे उच्च शिक्षण या दुसऱ्या कामासाठी माणूस तयार करते.

शिक्षणाची परंपरा

आज जगभर वापरली जाणारी द्विनोंदी पद्धत इटलीतील व्यापारी नगरांत विकसित झाली. लुका पाचोली या गणितज्ञ धर्मोपदेशकाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचे पद्धतशीर विवेचन केले. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, म्हणून त्याची नोंद दोन खात्यांत झाली पाहिजे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय. त्यानंतर कित्येक शतके ही विद्या पेढीवरच शिकली जात असे. ती विद्यापीठात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली व्हॉर्टन शाळा स्थापन झाली आणि हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली व्यवसाय प्रशासनातील पदव्युत्तर पदवीचे शिक्षण सुरू केले. हीच पदवी पुढे 'एमबीए' या संक्षिप्त नावाने जगभर पसरली.

भारतात या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. १९१३ साली तेथे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. आशिया खंडातील ते पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. मुंबई सरकारने १९१८ साली लेखाविद्येची शासकीय पदविका सुरू केली. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली म्हणजे लेखापरीक्षणाचा परवाना मिळण्यास तो उमेदवार पात्र ठरे. ग्रंथातील ज्ञान आणि प्रत्यक्ष कामातील उमेदवारी यांची ही सांगड पुढील सर्व व्यवस्थेचा आधार ठरली. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापाल अधिनियम संमत झाला आणि १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. परिव्यय लेखापालांच्या संस्थेला १९५९ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा मिळाला.

महाराष्ट्रात याच सुमारास वाणिज्य शिक्षणाचा विस्तार झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले. त्यामुळे वाणिज्याचे उच्च शिक्षण घेण्यासाठी मुंबईलाच जावे लागण्याची अनेक विद्यार्थ्यांची अडचण दूर झाली.

वाणिज्य आणि व्यवस्थापन या दोन शिक्षणप्रवाहांचा उगम मात्र निरनिराळा आहे. वाणिज्य शाखेत लेखाविद्या ही स्वतंत्र विद्या म्हणून शिकविली जाते आणि तिची परिणती वाणिज्यातील पदव्युत्तर पदवीत होते. व्यवस्थापन शाखेत ती निर्णयाचे साधन म्हणून शिकविली जाते. दिल्ली विद्यापीठाची व्यवस्थापन अध्ययन विद्याशाखा १९५४ साली सुरू झाली. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था उभारली. लेखाविद्येत विशेष अध्ययन करणाऱ्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही प्रवाहांचा लाभ व्हावा अशी अपेक्षा असते.

अभ्यासक्रमाची रचना

असा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी सर्वच विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळाचे व्यवस्थापन, व्यवसायविषयक कायदे आणि लेखाविद्येची मूलतत्त्वे शिकावी लागतात. दुसऱ्या वर्षी लेखाविद्या निवडणारा विद्यार्थी वित्तीय अहवाललेखन, परिव्यय आणि व्यवस्थापकीय लेखा, लेखापरीक्षण, करविषयक नियोजन, कंपनी नियमन आणि वित्तीय पत्रकांचे विश्लेषण यांचे सखोल अध्ययन करतो. दोन वर्षांच्या दरम्यान काही आठवडे एखाद्या उद्योगात प्रत्यक्ष काम करावे लागते.

अध्यापनाची पद्धतही ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे पुष्कळदा एखाद्या उद्योगाची हकीकत आणि त्याची आकडेवारी विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते आणि व्यवस्थापकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे त्यांना ठरवावे लागते. अशा प्रश्नाला पुष्कळदा एकच अचूक उत्तर नसते. या शिक्षणात काय घडते ते पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. त्यांतील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

पहिले उदाहरण : अंदाज

एका छापखान्याने १२ लाख रुपयांचे यंत्र विकत घेतले. ते दहा वर्षे चालेल आणि शेवटी त्याची काहीही किंमत येणार नाही असे मानले, तर दरवर्षी सारखा घसारा काढण्याच्या पद्धतीने वर्षाचा घसारा १,२०,००० रुपये होतो. तेच यंत्र सहा वर्षांतच निरुपयोगी होईल असे मानले, तर घसारा २,००,००० रुपये होतो. घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा २,५०,००० रुपये असेल, तर पहिल्या अंदाजाप्रमाणे नफा १,३०,००० रुपये आणि दुसऱ्याप्रमाणे केवळ ५०,००० रुपये दिसतो.

दोन्ही बाबतींत जमेची आणि नावेची बाजू तंतोतंत जुळते. बेरजेत चूक नाही, खोटे बिल नाही, पैसा कोठे गेला असेही नाही. तरीही मालकाने भागीदाराला किती नफा वाटावा, कामगारांना किती बोनस देता येईल आणि बँकेने कर्ज द्यावे की नाही, या सर्वांची उत्तरे त्या एका अंदाजावर अवलंबून राहतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत निरनिराळ्या मालमत्तांची उपयुक्त आयुर्मर्यादा दिलेली आहे. एखाद्या कंपनीने वेगळी मर्यादा धरली तर तिला ते उघड करून त्याचे समर्थन करावे लागते. म्हणजे कायदा अंदाज करण्याची मोकळीक देतो, पण अंदाज लपविण्याची मोकळीक देत नाही. हा फरक समजणे हा लेखाविद्येच्या उच्च शिक्षणाचा पहिला धडा होय.

दुसरे उदाहरण : नफा आणि रोकड

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याचे व्यवहार या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. उसाचे गाळप हिवाळ्याच्या आगेमागे काही महिनेच चालते, परंतु साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला त्याची किंमत मिळाली पाहिजे. विलंब झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. म्हणजे पैसे द्यावयाचे ते आज, आणि यावयाचे ते पुढील अनेक महिन्यांत. त्यामुळे कारखान्याचे नफातोटा पत्रक नफा दाखवीत असतानाही त्याच्याकडे उसाचे पैसे चुकते करण्यास रोकड नसते. मग गोदामातील साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यावे लागते.

यात आणखी एक प्रश्न निर्माण होतो. वर्षअखेरीस शिल्लक असलेल्या साखरेची किंमत काय धरावी? लेखामानकाप्रमाणे उत्पादनखर्च आणि विक्रीतून प्रत्यक्षात पदरात पडू शकणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरावी लागते. समजा, गोदामात १ लाख क्विंटल साखर आहे. तिचा उत्पादनखर्च क्विंटलमागे ३,६०० रुपये आहे आणि बाजारभाव उतरल्यामुळे हाती येण्याजोगी रक्कम ३,४०० रुपये आहे. उत्पादनखर्चाचा आकडा तसाच ठेवला तर शिल्लक मालाची किंमत आणि वर्षाचा नफा ही दोन्ही २ कोटी रुपयांनी फुगतात. ताळेबंद तेवढ्यापुरता देखणा दिसतो. परंतु पुढील वर्षी साखर विकली गेली की तो तोटा उघडा पडल्याशिवाय राहत नाही. तोवर त्या फुगलेल्या आकड्यावर विसंबून बँकेने कर्ज दिलेले असते आणि सभासदांनी कारभारावर पसंतीची मोहोर उमटविलेली असते.

नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक ही तीन पत्रके एकत्र वाचण्यास विद्यार्थ्याला शिकविले जाते ते यासाठीच. यांतील एकच पत्रक वाचणारा माणूस सहज फसतो. ऊस घालणारा शेतकरी ही पत्रके वाचीत नाही. पण त्याच्या घरातील लग्न, औषधपाणी आणि पुढील हंगामाचे बियाणे या पत्रकांच्या खरेपणावरच अवलंबून असते.

तिसरे उदाहरण : निर्णय

एका ओतकाम कारखान्याची वार्षिक क्षमता १०,००० नगांची आहे. त्याचा स्थिर खर्च, म्हणजे जागेचे भाडे, कायम नोकरांचे पगार इत्यादी, वर्षाला ४,००,००० रुपये आहे. प्रत्येक नगामागे कच्चा माल, वीज आणि मजुरी यांचा बदलता खर्च ६० रुपये आहे. कारखाना वर्षाला ८,००० नग तयार करून १२० रुपयांना विकतो. स्थिर खर्च ८,००० नगांवर वाटला तर नगामागे ५० रुपये येतो. म्हणजे एका नगाचा एकूण खर्च ११० रुपये आणि नफा १० रुपये. वर्षाचा नफा ८०,००० रुपये होतो.

अशा वेळी नवे गिऱ्हाईक येऊन ८० रुपये दराने १,५०० नग मागते. हिशेबनीस म्हणेल, नगाला ११० रुपये खर्च येतो, तेव्हा ८० रुपयांना विकणे म्हणजे नगामागे ३० रुपये तोटा. परंतु स्थिर खर्च तर होणारच आहे आणि क्षमताही पडून आहे. जादा खर्च फक्त ६० रुपयांचा आहे. म्हणजे नगामागे २० रुपये पदरात पडतात आणि १,५०० नगांवर नफा ३०,००० रुपयांनी वाढून १,१०,००० रुपये होतो. व्यवस्थापकीय लेखाविद्येचे हे प्रसिद्ध सूत्र आहे.

तथापि विचार येथे संपत नाही. या स्वस्त दराची वार्ता जुन्या गिऱ्हाइकांच्या कानी गेली आणि त्यांना नगामागे केवळ ५ रुपयांची सूट द्यावी लागली, तर ८,००० नगांवर ४०,००० रुपये कमी येतील. वर्षाचा नफा ७०,००० रुपयांवर, म्हणजे पूर्वीपेक्षाही खाली येईल. ही शक्यता कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. ती समजण्यासाठी बाजारपेठ, माणसांचे स्वभाव आणि स्पर्धा यांचे ज्ञान लागते. लेखाविद्येच्या विद्यार्थ्याला विपणन आणि संघटनशास्त्र का शिकावे लागते याचे उत्तर या उदाहरणात मिळते. हिशेबनिसाने मागणी नाकारली असती; केवळ सूत्र शिकलेल्याने ती डोळे मिटून स्वीकारली असती; सुशिक्षित व्यवस्थापक मात्र ती कोणत्या अटींवर स्वीकारावी याचा विचार करील.

पदवी आणि अधिकार

या शिक्षणाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लेखाविद्येत व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली म्हणजे कंपनीच्या हिशेबांचे वैधानिक लेखापरीक्षण करता येते, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती चुकीची आहे. भारतात कंपनीचा लेखापरीक्षक होण्याचा अधिकार केवळ सनदी लेखापालांना आणि ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या त्यांच्या संस्थांना आहे. हा अधिकार विद्यापीठाच्या पदवीने मिळत नाही; तो सनदी लेखापाल संस्थेच्या परीक्षा, प्रत्यक्ष उमेदवारी आणि सभासदत्व यांतून मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल या अर्हतांना पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानण्यास मान्यता दिली. परंतु त्याच्या उलट, व्यवस्थापनाची पदवी ही सनदेच्या बरोबरीची ठरत नाही.

दुसरा गोंधळ पदवी आणि पदविका यांविषयीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. म्हणून अनेक स्वायत्त संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देतात. भारतीय व्यवस्थापन संस्थादेखील अनेक दशके पदविकाच देत असत. २०१७ च्या स्वतंत्र अधिनियमानंतर त्यांना पदवी देता येऊ लागली. पदविका म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण असे यावरून समजू नये; पण आपण ज्या संस्थेत प्रवेश घेत आहोत ती नक्की काय देते आणि तिला कोणाची मान्यता आहे, हे विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच पाहिले पाहिजे. अनेक कुटुंबे शेतजमीन गहाण टाकून किंवा आयुष्याची पुंजी खर्चून मुलामुलींना दूरच्या शहरात शिकावयास पाठवितात. हिशेबाचे शिक्षण घेण्यापूर्वी त्या शिक्षणाचाच हिशेब करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील परिस्थिती थोडी वेगळी आहे. तेथे फ्लोरिडा राज्याने १९८३ पासून सार्वजनिक लेखापालाच्या परवान्यासाठी १५० सत्रतासांच्या उच्च शिक्षणाची अट लागू केली आणि कालांतराने बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. सामान्य पदवीला सुमारे १२० तास पुरतात; उरलेले तास भरून काढण्यासाठी विद्यार्थी लेखाविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळू लागले. परंतु या अटीमुळे शिक्षण महाग होते आणि नवे विद्यार्थी या व्यवसायाकडे वळत नाहीत, अशी टीका होत राहिली. २०२५ साली ओहायोसह काही राज्यांनी कमी शिक्षण आणि अधिक अनुभव असा दुसरा मार्गही खुला केला. वर्गातील अध्ययन किती आणि प्रत्यक्ष उमेदवारी किती, हा मुंबई सरकारने १९१८ साली आपल्या परीने सोडविलेला प्रश्न अशा रीतीने शतकानंतरही जिवंत आहे.

विश्वासाचा प्रश्न

या विद्येत चूक झाल्यास काय होते हे भारताने २००९ साली अनुभवले. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या अध्यक्षांनी लेखी कबुली दिली की, कंपनीचे हिशेब अनेक वर्षे फुगविलेले होते आणि ताळेबंदात दाखविलेली ५,००० कोटी रुपयांहून अधिक रोख आणि बँकशिल्लक प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. एका दिवसात भागाची किंमत कोसळली. कंपनीतील हजारो तरुण अभियंत्यांना आपल्या नोकरीची चिंता लागली आणि निवृत्तिवेतनाची पुंजी भागांत गुंतविलेल्या अनेकांची पुंजी नाहीशी झाली. २०१५ साली विशेष न्यायालयाने या प्रकरणातील दहा आरोपींना दोषी ठरविले.

या प्रकरणातील शैक्षणिक धडा महत्त्वाचा आहे. कंपनीचे हिशेब लेखापरीक्षित होते आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत होत्या. खोटी विक्री जमेस धरली आणि तेवढीच खोटी बँकशिल्लक दाखविली, तर द्विनोंदी पद्धत मुळीच तक्रार करीत नाही. असत्यदेखील दोन्ही बाजूंनी सारखेच लिहिता येते. ते पकडण्यासाठी वहीबाहेर पाहावे लागते : बँकेकडून थेट आणि स्वतंत्रपणे लेखी खातरजमा करून घ्यावी लागते, एवढी रोकड पडून असताना व्याजाचे उत्पन्न इतके थोडे का, असा प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर समाधानकारक नसेल तर सही करण्यास नकार देण्याचे धैर्य लागते. यांपैकी शंका घेण्याची सवय शिकविता येते; धैर्य मात्र फक्त जोपासता येते.

या प्रकरणानंतर आणि त्यापुढे उघडकीस आलेल्या बँक गैरव्यवहारांनंतर, लेखापरीक्षकांच्या व्यवसायाने स्वतःवर ठेवलेली देखरेख पुरेशी नाही असे मत बळावले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३२ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली होती; त्यानुसार १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, तसेच नोंद नसलेल्या पण ५०० कोटी रुपये भरणा भांडवल, १,००० कोटी रुपये वार्षिक उलाढाल किंवा ५०० कोटी रुपये कर्ज यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या सार्वजनिक कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते दंड करू शकते आणि संबंधित लेखापालाला किंवा संस्थेला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत या कामापासून दूर ठेवू शकते. त्याच्या निर्णयावर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

अशा प्राधिकरणाचे अस्तित्व ही लेखाविद्येच्या शिक्षणाचीच एक कसोटी आहे. चूक झाल्यावर शिक्षा करणारी व्यवस्था आवश्यक असली तरी ती नेहमी घटनेनंतर पोहोचते. पैसा तोवर गेलेला असतो. त्यापूर्वी, ज्या दिवशी कोणी वरिष्ठ एखादा आकडा थोडा वर सरकविण्याची सूचना करतो त्या दिवशी, कंपनीच्या खोलीत कोणीही निरीक्षक हजर नसतो. तेथे असतो तो दोनचार वर्षांपूर्वी शिक्षण पूर्ण केलेला एखादा तरुण व्यवस्थापक किंवा लेखापाल. तो काय करील हे पुष्कळ अंशी त्याला काय आणि कसे शिकविले गेले यावर अवलंबून राहते.

विद्यार्थ्याने काय पाहावे

अभ्यासक्रमाची निवड करताना संस्थेची इमारत आणि जाहिरातीतील वेतनाचे आकडे यांपेक्षा काही साध्या गोष्टी अधिक उपयोगी ठरतात. संस्थेला वैधानिक मान्यता आहे काय? परिव्यय, लेखापरीक्षण आणि करविषयक अध्यापनात प्रत्यक्ष अनुभव असलेले शिक्षक आहेत काय? २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेली नवी भारतीय लेखामानके आणि २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांचा अभ्यासक्रमात समावेश आहे काय? विद्यार्थ्यांना खऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल, विशेषतः ताळेबंदाखालील टिपा, वाचावयास लावतात काय? अनुभवी वाचक ताळेबंद टिपांपासून वाचू लागतो. कारण अंदाज, अपवाद आणि न्यायालयात पडून असलेले दावे तेथेच नमूद केलेले असतात.

संगणकाने आता नोंदीचे काम जवळजवळ पूर्णपणे आपल्याकडे घेतले आहे. पूर्वी ज्या बेरजा करण्यात कारकुनाचा दिवस जात असे, त्या क्षणार्धात होतात. त्यामुळे केवळ नोंद करणाऱ्याची गरज कमी होत चालली आहे. पण यंत्र सहा वर्षे चालेल की दहा, साखर कोणत्या भावाने धरावी, स्वस्त दराची मागणी घ्यावी की नाही आणि दाखविलेली बँकशिल्लक खरोखर आहे काय, हे प्रश्न संगणकासमोर ठेवले तरी त्यांच्या उत्तराखाली सही माणसालाच करावी लागते.

त्या सहीवर विसंबणारी माणसे बहुधा सही करणाऱ्याला कधीच भेटत नाहीत. ठेवीदार, कामगार, ऊस घालणारा शेतकरी, पेन्शनीच्या पैशातून चार भाग घेणारी वृद्ध शिक्षिका यांना ताळेबंदातील बारकावे समजत नाहीत आणि ते समजावेत अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. त्यांच्या वतीने ते समजून घेणारा कोणीतरी असावा, यासाठी समाज लेखाविद्येचे उच्च शिक्षण चालवितो. ही पदवी घेणाऱ्याला मिळणारे वेतन हा त्या व्यवहाराचा एक भाग झाला. दुसऱ्या बाजूची नोंद या अनोळखी माणसांच्या खात्यात होत असते.